सरळ केलेली फुलं

समुद्रकिनाऱ्यावरच्या लग्नाला मी खरी फुलं कधीच वापरत नाही. खाऱ्या वाऱ्यात ती दोन तासांत माना टाकतात आणि फोटोत नवरा-नवरीच्या मागे शिळी पालेभाजी टांगल्यासारखी दिसतात. वीस वर्षं मी सजावटीच्या धंद्यात आहे. माझी जास्वंद प्लॅस्टिकची, झावळ्या प्लॅस्टिकच्या, अननस फायबरचे. काम झालं की सगळं साबणाच्या पाण्यातून काढायचं, कोरडं करायचं आणि खोक्यात भरायचं. त्याला ना वास, ना कीड.

हे लग्न माझ्या धाकट्या बहिणीचं होतं. आई-बाबा गेल्यावर मीच तिला लहानाची मोठी केली. माझं म्हणावं असं माणूस ती एकटीच. 'ट्रॉपिकल थीम'चं खूळ तिचं आणि नवरदेवांचं. जिकडेतिकडे पोपट, केळीची पानं, पाहुण्यांच्या गळ्यात भडक माळा. मला असला थिल्लरपणा बघवत नाही, पण तिने फोनवर "ताई, तूच कर ना," म्हटलं आणि मी विरघळले. आदल्या दिवशी ऊन असतानाच मी कमान उभी केली, खुर्च्यांच्या प्रत्येक रांगेला फुलं बांधली.

सकाळी नऊला पोहोचले तर वास येत होता. आधी वाटलं, लाटेबरोबर मेलेला मासा आला असेल. मी सगळी वाळू पालथी घातली. काही नव्हतं. वास कमानीपाशीच होता. गोडसर, घशाला चिकटणारा, फुलदाणीतलं पाणी महिनाभर बदललं नाही की येतो तसा.

कमानीच्या डाव्या अंगाची एक जास्वंद लोंबत होती. मी ती धरली आणि पाकळी बोटांना चिकटून सुटून आली. तपकिरी, बुळबुळीत. आत कारखान्यातली तार जशीच्या तशी होती आणि तारेभोवती अळ्या वळवळत होत्या.

तरी डोकं ठिकाणावर ठेवून मी एकेक वस्तू तपासली. उजवीकडच्या सहा रांगा ठणठणीत. डावीकडच्या सहा काळ्या पडलेल्या. माल एकाच खोक्यातला, एकाच दिवशी धुतलेला. डावीकडचा अननस दाबला तर फायबर आत दबलं आणि माझ्या मनगटावरून आंबूस रस ओघळला.

"मीच पहाटे येऊन जरा नीट केलं, ताई," मागून आवाज आला. नवरदेव होते. पांढराशुभ्र शर्ट, हसरा चेहरा. "डावीकडची फुलं वाकडी बांधली गेली होती. उजवीकडचं राहिलंय."

"तुम्हाला वास येत नाहीये?"

"कसला? छान वारा सुटलाय की!"

बोलता बोलता त्यांनी कमानीवरचा पोपट दोन बोटांनी सरळ केला आणि ते उजवीकडच्या पहिल्या रांगेकडे वळले.

मी पोपटाकडे बघत उभी राहिले. थर्माकोलचा पोपट, वरून रंगवलेली पिसं. आधी पिसं ओलसर झाली. मग पोट फुगलं. मग काचेचा डोळा जागेवरून सुटून खाली घरंगळला आणि त्याच्यामागून पिवळट पाणी आलं. मी घड्याळ पाहिलं. चार मिनिटं झाली होती.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बहीण वर्षभर याच माणसाबरोबर दुसऱ्या गावात राहत होती. या वर्षात मी तिला एकदाही भेटले नव्हते.

ती नटण्याच्या खोलीत आरशासमोर एकटीच बसली होती. अत्तर इतकं फवारलेलं की डोळे चुरचुरले. लांब बाह्यांचा झगा, गालांवर मेकअपचे थर. वळून बघितलंसुद्धा नाही.

"हे लग्न नको," मी म्हणाले. "मागच्या दाराशी माझा टेम्पो उभा आहे. आत्ताच्या आत्ता चल. का ते विचारू नकोस."

वाटलं, चिडेल, माझं डोकं फिरलंय म्हणेल. तिने आरशातूनच माझ्याकडे बघितलं.

"नेशील मला?" तिने विचारलं. "नक्की?"

"उचलून नेईन."

तिने हात पुढे केला. मी मनगट घट्ट धरलं.

अंगठा आत गेला.

पिकून काळ्या पडलेल्या केळ्यात जातो तसा. आत गारठा होता आणि ओल होती.

दार सात पावलांवर होतं. मला फक्त तेवढं अंतर तो हात धरून ठेवायचा होता.

मी तो झटकला.

आणि माझा हात कुर्त्याला पुसला. तिच्या देखत. दोनदा.

तिने ते पाहिलं. रडली नाही. मनगटावरचा खड्डा तसाच राहिला होता. त्यावर तिने बाही ओढून घेतली.

"असू दे, ताई," ती म्हणाली. "त्याला माझी किळस येत नाही."

अकरा वाजता लग्न लागलं. तोवर नवरदेवांनी उजवीकडच्याही सगळ्या रांगा सरळ केल्या होत्या. शेजारी बसलेल्या बाई माझ्याकडे झुकून म्हणाल्या, "फुलं किती खरी वाटतात हो!" मी मान डोलावली. त्या वासात तोंड उघडायची सोय नव्हती.

अंगठी घालताना त्यांनी तिचा हात आपल्या तळव्यावर नुसता तोलून धरला, कुठेही न दाबता, रोजच्या सवयीने.