दादाच्या सीलबंद गाड्या

गॅरेजचं शटर अर्ध्यावर ओढून अब्दुल गनी मिस्त्री बाकड्यावर बसले, की कामावरची पोरं आपोआप जवळ सरकतात. ही गोष्ट लांबची नाही, ते म्हणाले. आपल्याच आर्णीची, माझ्या घराला लागून असलेल्या घराची. अर्धी त्या घरातल्या गोपालने स्वतःच्या तोंडाने सांगितलेली, अर्धी माझ्या पोराने, आसिमने, डोळ्यांनी पाहिलेली. मागल्या वर्षीची. कोजागिरी होऊन चौथा दिवस, शुक्रवार.

त्या संध्याकाळी गोपाल कुलूप आणायला बाजारात गेला होता. दुकानदाराने दोन-तीन साधी कुलपं काढून दाखवली, ती त्याने परत सरकवली. ज्याची दुसरी चावी कोणी करू शकणार नाही असं त्याला पाहिजे होतं. दुकानदार गमतीत म्हणाला, घरात खजिना निघाला का? गोपाल हसला नाही.

कुलूप माडीवरच्या खोलीसाठी होतं. खोली त्याच्या मोठ्या भावाची, नयनची. नयनला जाऊन तेव्हा पंधरा दिवस झाले होते. महागावच्या रस्त्याला अंधारात एक ट्रॅक्टरची ट्रॉली उभी होती, मागे लाल दिवा नव्हता. बस, एवढंच.

नयनला खेळण्यांचा नाद होता. लहान मुलांसारखा नाही. कॉमिकमधल्या, सिनेमातल्या गाड्या, बोटभर लांबीच्या, खऱ्यासारख्या. कुरिअरच्या नोकरीतून तो एकेक जमवायचा आणि डबा न उघडता भिंतीवर खिळ्याला टांगायचा. असे एकशे अकरा डबे. प्रत्येकाच्या पाठीवर बॉलपेनने बारीक अक्षरात आणल्याची तारीख. या नादातली माणसं म्हणतात, सील तुटलं की वस्तू मेली. आसिमलाही तोच नाद, पण तो डबा घरी पोचायच्या आतच फाडायचा आणि गाडी फरशीवर सोडायचा. यावरून दोघं तासन्‌तास भांडायचे. डब्यातली गाडी म्हणजे कफनातला मुर्दा, असं आसिम चिडवायचा. गोपालने कधी डब्याला हात लावला, की नयन त्याच्या मनगटावर टपली मारायचा.

दहाव्याला अरुणावतीच्या काठी पिंड ठेवला. कावळे बाभळीवर बसून राहिले, खाली येईनात. मामा म्हणाले, बहिणीला मी पाहतो, तू काळजी सोड. काका म्हणाले, शेताचं आम्ही करतो. तासभर झाला. ऊन चढलं. बेबीताईंचा, म्हणजे या दोघांच्या आईचा, जीव खालीवर व्हायला लागला. तेव्हा गोपाल एकदम पुढे झाला.

“दादा, तुह्या साऱ्या गाड्या खोलतो. चालवतो.”

शब्द संपायच्या आत कावळा उतरला.

सगळ्यांनी हात जोडले. पण घरी आल्यावर गोपालचा हात काही होईना. कात्री घेऊन तो भिंतीसमोर उभा राहायचा, मागची तारीख वाचायचा, आणि डबा परत टांगायचा. भावाने स्वतःच्या हाताने बंद ठेवलेलं एवढंच उरलं होतं. उघडलं की तेही संपलं. उद्या करू, म्हणायचा.

आसिमने त्याला दोनदा विचारलं, गाड्या खोलायच्या होत्या ना, मी येतो मदतीला. गोपालला तेच खटकलं. याला काहून घाई? यातल्या कित्येक गाड्या आता कुठेच मिळत नाहीत, हे आसिमइतकं गावात कोणालाच माहीत नव्हतं.

दहाव्याच्या नंतर तिसऱ्या दिवशी, अंधार पडल्यावर, माडीवर आवाज झाला. खर्र... फरशीवर बारीक चाकं फिरावीत तसा. गोपाल धावत वर गेला तर कोणी नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. डबे मोजले, एकशे अकरा. पण त्याच्या डोक्यात किडा शिरला होता. आमची गच्ची त्यांच्या गच्चीला लागून आहे. आसिम तिकडून येतो, असली गाडी नेतो, नकली टांगतो. त्या दिवसापासून गोपालच्या तोंडचा ‘आसिमभाऊ’ गेला, नुसता ‘आसिम’ राहिला.

तर शुक्रवारी साडेसातला त्याने गच्चीचं दार आतून लावलं, खिडकीची कडी पाहिली आणि खोलीला नवं कुलूप ठोकलं. चावी दोऱ्यात ओवून गळ्यात घातली. बेबीताई गोळी घेऊन खालच्या खोलीत झोपल्या होत्या. गोपाल खालच्या पायरीवर बसला. मांडीवर फावड्याचा दांडा. आज सापडला की हात मोडायचे, हे त्याचं ठरलं होतं.

चंद्र अजून उगवला नव्हता.

आठ वाजून वीस मिनिटं.

खर्र...

गोपालने दांडा घट्ट धरला. मग त्याला युक्ती सुचली. त्याने आसिमला फोन लावला. वर घंटी वाजेल, म्हणून कान लावून बसला.

वर घंटी वाजली नाही. आसिमने फोन उचलला.

“कुठं हायेस?”

“तुह्या दारात. घरून मायसाठी शेवया देल्या. काहून रे?”

गोपालने दार उघडलं. आसिम उभा होता. एका हातात शेवयांचा डबा, दुसऱ्या हातात कानाला लावलेला फोन.

आणि वर...

खर्र...

आसिमने मान वर केली. “वर कोन हाय?”

दांडा अजून गोपालच्या हातातच होता. आसिमने दांड्याकडे पाहिलं. मग त्याच्या तोंडाकडे.

“मले वाटलं, तू हायेस,” गोपाल म्हणाला.

आसिमने डबा हळूच पायरीवर ठेवला.

आवाज एका भिंतीपासून निघायचा. दुसऱ्या भिंतीपर्यंत जायचा. थांबायचा. मग थोडा वेळ काही नाही... जसं कोणी उठून गाडी आणायला जावं. मग परत.

दोघं वर गेले. पायरी... पायरी.

कुलूप जसंच्या तसं.

गोपालने चावी फिरवली. आवाज थांबला.

आत कोणी नव्हतं. खिडकीची कडी लागलेली. गोपालने दिवा लावला, डबे मोजले. एकशे अकरा. सगळे सीलबंद.

आसिम मोबाइलची बत्ती धरून भिंतीजवळून सरकत होता. एका काळ्या गाडीपाशी थांबला. बराच वेळ थांबला.

“गोप्या, सील पाह्य.”

सील धड होतं.

“आता टायर पाह्य.”

टायर घासून गुळगुळीत झाले होते. नवी, कधीच न काढलेली गाडी.

“चालते ना, त्याच गाडीच्या अॅक्सलात केस गुंतते,” आसिम पुटपुटला. “माह्या साऱ्या गाड्यांत हाय...”

त्याने बत्ती जवळ नेली. प्लास्टिकच्या आत, पुढच्या चाकांच्या अॅक्सलाला एक केस गुंडाळलेला होता. लांब. मुळाशी पांढरा, पुढे मेंदीचा लाल.

घरात तसे केस एकाच माणसाचे. बेबीताईंचे. आणि त्या गुडघ्यांमुळे तीन वर्षांत माडी चढल्या नव्हत्या. केस विंचरायच्या त्या खाली, आपल्या खाटेपाशी फरशीवर बसून. गळलेले केस तिथंच पडायचे.

दोघं खाली आले. बेबीताई झोपलेल्याच होत्या. खाटेच्या कडेवरून त्यांचा एक हात खाली लोंबत होता, फरशीला टेकेल असा. बोटं जराशी वाकलेली... काहीतरी धरल्यासारखी.

उजाडल्यावर गोपालने आसिमला घरून बोलावून आणलं. भाऊ म्हणून. दोघांनी एकशे दहा डबे फोडले, एकेक गाडी फरशीवर सोडली. गोपाल रडत होता आणि सोडत होता.

काळ्या गाडीला मात्र कोणी हात लावला नाही. ती अजून त्याच खिळ्याला आहे, सील शाबूत. दिवसा जाऊन बघा, केस दिसतो.

एवढं सांगून गनी मिस्त्री बाकड्यावरून उठले. मग शटरकडे बघत, कोणालाच न सांगितल्यासारखं म्हणाले,

“परवा आसिम पाहून आला. आता दोन झाले.”