काजळी न धरलेली जागा

चाकण एमआयडीसीत, सुट्या भागांच्या कारखान्यांची रांग जिथे संपते, तिथे मागच्या अंगाला एक उंच पत्र्याची शेड आहे. बाहेरून कुणालाही गोदामच वाटेल. आत मात्र मुद्दाम आगी लावल्या जायच्या. गाद्या, पडदे, वायरी, छताचे पॅनेल, जे येईल ते जाळायचं आणि ते कसं जळतं हे मोजायचं. अरुंधती परचुरे या प्रयोगशाळेची प्रमुख होती. चिंचवडहून रोज मोशीची कोंडी पार करत ती यायची, डोक्यावर हेल्मेट चढवायची आणि संध्याकाळी केसांत धुराचा वास घेऊन घरी जायची.

गेल्या वर्षी तिला मनापासून हवं असलेलं एक काम मिळालं. महाळुंगे, खराबवाडी या भागात कामगार भाड्याने राहतात तशी एक हुबेहूब खोली तिने शेडमध्ये बांधून घेतली. दहा बाय बाराची, वर स्लॅब, एकच दार. दार तिथल्यासारखंच, लोखंडी पत्र्याचं आणि आत उघडणारं. खालच्या फटीतून काय हवा येईल तेवढीच. आत लोखंडी कॉट, फोमची गादी, दोरीवर कपडे. रात्रपाळी करून दिवसा गाढ झोपलेल्या माणसाच्या अशा बंद खोलीत आग लागली तर त्याने कुठे सरकावं, कुठे बसावं, किती वेळ तग धरता येईल, हे तिला शोधायचं होतं. असल्या खोल्यांमधून बाहेर काढलेली माणसं तिने पाहिली होती.

तिच्या जोडीला अवधूत होता. पंधराएक वर्षं दोघं एकत्र काम करत होते. सेन्सर, कॅमेरे, हवा मोजणारी यंत्रं हे सगळं त्याच्याकडे.

पहिल्या काही आगी पुस्तकात लिहिल्यासारख्या लागल्या. गादी पेटायची, धुराचा थर छताला साचून हळूहळू खाली उतरायचा, आणि एका क्षणी खोलीतली प्रत्येक वस्तू एकदम पेट घ्यायची. त्या क्षणाला फ्लॅशओव्हर म्हणतात. त्यानंतर आत कुणी जगत नाही.

मग एकदा मागच्या कोपऱ्यातले, जमिनीलगतचे सेन्सर कमी तापमान दाखवू लागले. अवधूतने वायरी बदलल्या. पुढच्या वेळी पुन्हा तेच.

"तिथे काहीतरी धग अडवतंय," तो म्हणाला.

"काय अडवणार? कोपरा रिकामा आहे."

खोली निवल्यावर दोघं बॅटरी घेऊन आत गेले. चारही भिंती काळ्याभोर. कोपऱ्यात मात्र खालच्या बाजूला भिंत कोरी होती. काजळीचं गणित सोपं असतं. भिंतीला कपाट टेकलेलं असेल, तर कपाटाएवढी जागा कोरी राहते. इथे काहीच टेकलेलं नव्हतं. तरी खाली रुंद, वर जरा निमुळती आणि त्यावर गोल अशी ती जागा पांढरी राहिली होती.

"हवेचा भोवरा असेल," अरुंधती म्हणाली. अवधूतने मान हलवली आणि फोटो काढला.

भिंती पुन्हा रंगवल्या. पुढच्या आगीत ती कोरी जागा कोपऱ्यात नव्हती. बाजूच्या भिंतीवर, हातभर पुढे आली होती. त्यापुढच्या वेळी आणखी थोडी पुढे, दाराच्या दिशेने. आता त्या आकाराने गुडघे पोटाशी घेतल्याचंही कळत होतं. काचेच्या झरोक्यातून पाहताना अरुंधतीला दिसलं, की ज्वाळा दाराकडच्या हवेकडे ओढल्या जातात खऱ्या, पण वाटेत एका जागी दुभंगतात आणि पुढे पुन्हा एक होतात. ओढ्याचं पाणी दगडाला वळसा घालतं तसं.

तिने कॉटची जागा बदलली, दाराखालची फट लहान केली, मोठी केली. प्रत्येक वेळी तिच्याकडे काहीतरी कारण असायचं, आणि ते पुढच्या आगीपर्यंत टिकायचं.

शेडची झाडलोट गिरजाबाई करायच्या. शेड उभी राहिली ती जमीन एकेकाळी त्यांच्या सासऱ्यांची. एका दुपारी, आग लावायच्या आधी खोली झाडायला म्हणून गेल्या आणि उंबऱ्यावरूनच मागे फिरल्या.

"काय झालं, गिरजाबाई?"

"आत मानूस बसल्यालं हाय, ताई," त्या म्हणाल्या. घाबरल्या वगैरे नव्हत्या. "उठू द्या त्याला, मग झाडते."

अरुंधतीने आत डोकावून पाहिलं. कॉट, गादी, दोरीवरचे कपडे. दुसरं काही नव्हतं.

त्याच आठवड्यात अवधूतने तिला स्क्रीनजवळ बोलावलं. आग लावण्याआधी दार बंद करून खोलीतली हवा मोजायची त्यांची पद्धत होती. रिकाम्या खोलीत ती रेघ सरळ जायला हवी. ती चढत होती. अगदी हळू, पण न थांबता.

"कार्बन डायऑक्साइड," अवधूत म्हणाला. "यंत्र दोनदा तपासलंय मी. दुसरं आणूनही पाहिलं."

"गळती असेल कुठूनतरी."

"अरुंधती, बंद खोलीत ही रेघ अशी केव्हा चढते, ते तुलाही माहीत आहे."

माहीत होतंच. तिने स्क्रीनवरून नजर काढून घेतली.

शेवटच्या आगीला मुंबईहून काही अधिकारी येणार होते. या कामाच्या जोरावर खोल्या बांधण्याचे नियम बदलतील अशी तिला आशा होती, आणि ती आशा काही स्वार्थाची नव्हती. दुपारी पाहुणे कठड्यामागे खुर्च्यांवर बसले. चहा झाला. दार लावून बाहेरून कडी घातली.

अवधूत तिच्या कानाशी येऊन म्हणाला, "आज नको. काहीतरी निमित्त सांग. यंत्र बिघडलंय म्हण."

"आणि उद्या काय सांगू?"

"उद्याचं उद्या बघू. आज ती रेघ फार वर गेलीय."

ती क्षणभर थांबली. नंतर कितीतरी दिवस तिला तो क्षण आठवत राहिला. हात आग पेटवायच्या बटणावर होता, पाहुण्यांपैकी कुणीतरी खोकलं, आणि तिला वाटलं की आता थांबलो तर आपण हे खरं मानलं असं होईल.

तिने बटण दाबलं.

गादीच्या कडेला वीतभर ज्वाळा उभी राहिली. धूर अजून छतालाही पोचला नव्हता, तोच स्क्रीनवरची रेघ भराभर चढायला लागली. ज्वाळेच्या मानाने फारच भराभर.

धाप लागल्यासारखी.

खोली धुराने भरत आली तसा अवधूत उठला. "दार उघडतोय मी."

"अवधूत, नाही! आत भडका तयार झालाय. दार उघडलंस तर अंगावर येईल!"

तो धावत सुटला होता. त्याने कडी काढली आणि खांद्याने दार आत ढकललं.

दार बोटभर हललं आणि अडलं.

त्याने पुन्हा जोर लावला. तेल दिलेल्या बिजागऱ्यांचं ते दार, एरवी एका बोटाने उघडायचं. आतून कुणी ढकलत होतं असं नाही, त्याने नंतर सांगितलं. जड काहीतरी टेकलं होतं.

अरुंधतीने त्याला पट्ट्याला धरून मागे खेचलं.

आणि खोली पेटली.

झरोक्याची काच तडकली. दाराच्या चारही फटींतून केशरी जिभा बाहेर आल्या आणि आत गेल्या. दार उघडलं असतं, तर अवधूत त्या आगीत उभा असता.

तिने पाण्याचा फवारा सोडायला सांगितलं. पाहुण्यांना वाटलं, हाही प्रयोगाचाच भाग. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

दार उघडलं तेव्हा ते सहज उघडलं. भिंती अखंड काळ्या होत्या, कुठेही कोरी जागा नव्हती. मग अवधूतने बॅटरी दाराच्या आतल्या बाजूवर धरली. पत्र्यावर, खालच्या अर्ध्या भागात, काजळीत एक कोरी पाठ उमटली होती. दोन खांदे, आणि वर किंचित कललेलं डोकं.

"टेकून बसला होता," अवधूत म्हणाला. "मला वाचवायला दार धरून बसला होता तो."

आत उघडणाऱ्या दारांच्या खोल्यांत माणसं कुठे सापडतात, हे अरुंधतीला ठाऊक होतं. दारापर्यंत येतात आणि तिथेच कोसळतात. बाहेरचे ढकलत राहतात आणि दार त्यांच्याच अंगाला अडतं. दार धरून बसलेला माणूस आणि दाराशी कोसळलेला माणूस, दोघांची पाठ सारखीच उमटते. फरक पायांवरून कळला असता. टाचा रोवलेल्या होत्या की पाय सुटले होते, हे जमिनीच्या काजळीने सांगितलं असतं. पण जमीन तिच्याच फवाऱ्याने धुऊन निघाली होती.

अवधूतने महिनाअखेरीस नोकरी सोडली. जाताना भांडला नाही. "तू बटण दाबायला नको होतंस," एवढंच म्हणाला, आणि ती "हो" म्हणाली. तिच्या अहवालातली एक शिफारस पुढे मान्य झाली, अशा खोल्यांची दारं बाहेर उघडणारी असावीत. लोकांनी अभिनंदन केलं. तिने त्या खोलीत पुन्हा आग लावली नाही.

खोली पाडायचं ठरलं, त्या दिवशी ती सकाळी लवकर आली. शेडमध्ये कुणी नव्हतं. पहाटेच्या गारव्याने सगळं लोखंड थंड पडलं होतं. दार ओढून घेतलेलं होतं, कडी निघालेली. तिने पत्र्यावर तळवा ठेवला. वर थंड, कडेला थंड. खालच्या अर्ध्या भागात मात्र पत्रा कोमट लागला. आगीसारखा नाही. अंगासारखा.

ती वळली, दाराशी खाली बसली, आणि त्या जागेला पाठ लावून तिने आपला सगळा भार मागे टाकला.

कडी निघालेलीच होती. दार आत उघडणारं होतं.

ते हललं नाही.