कणकेचा माऊस

मला सगळं आठवतं. १९९९ साली आमच्या शाळेत पहिला संगणक आला, तेव्हा चपला बाहेर काढून त्या खोलीत जावं लागे. एका संगणकापुढे आम्ही चौघी. माझ्या डावीकडे अनिता लोहार, तिच्यापलीकडे दोघी शिंदे बहिणी. माऊसच्या पोटात तेव्हा एक जड रबरी गोळी असायची, ती काढून आत साचलेला मळ आम्ही नखाने खरवडायचो. त्या गोळीचा वाससुद्धा आठवतो.

आणि अशा मला, २०६१ सालच्या त्या दुपारी, कालपर्यंत हातात असलेल्या माऊसला कुठली बटणं होती हेच आठवेना!

त्याचं असं झालं. कराडच्या आमच्या शाळेची एक छोटी गाडी चंद्रावर आहे. पाटाएवढी, सहा चाकांची. मुलांनी तिचं नाव ठेवलंय टिटवी. टिटवी जुनी आहे, तिला स्वतःहून चालता येत नाही. अकरा वर्षं मी तिला घरी बसून माऊसने चालवते. चंद्रावरची रात्र आपल्या चौदा दिवसांएवढी लांब आणि भयंकर थंड. म्हणून सूर्य मावळायच्या आत टिटवीला उतार चढून तिच्या घरट्यात (ऊब देणाऱ्या छोट्या पेटीत) न्यावं लागतं. बाहेर राहिली तर तिचा विद्युतघट गारठून फुटेल. मग टिटवी संपली.

त्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता सावली घरट्याच्या दारात पोहोचणार होती. आणि आदल्या दिवशी माऊस बंद पडलेला.

"बबन, जुना माऊस आण बरं. त्याच्याकडे बघून नवा घेऊ," मी म्हटलं.

बबन आमचा घरातला यंत्रमानव. फार टापटिपीचा. तो म्हणाला, "आजी, तो मी सकाळी आठ वाजता ई-कचऱ्याच्या गाडीत दिला. बंद वस्तू घरात ठेवू नये, असं आपणच सांगितलं होतं."

"अरे कर्मा! आणि कुठलं बटण काय करतं, ते कशात साठवलेलं होतं?"

"त्याच माऊसमध्ये, आजी."

माझी नात अबोली, वय वर्षं दहा, कपाळावर हात मारून खाली बसली.

आता माऊस कोण वापरतं? लोक डोळ्यांनी नाहीतर बोटं हवेत हलवून कामं करतात. पण टिटवीला जुनीच भाषा कळते. आम्ही जुन्या यंत्रांच्या दुकानात गेलो. दुकानदार सलीमभाईंनी फडताळातून तीन माऊस काढले. एक पाच बटणांचा, एक आठ बटणांचा, एक बारा बटणांचा.

"काकू, कुठली बटणं वापरता तुम्ही?"

मी बोटांवर मोजलं. "डावं, उजवं, मधलं चाक आणि अंगठ्याखाली दोन. पाच झाली."

"मग पाचवाला घ्या."

"पण तो पुरेल का?" मला उगीच वाटलं.

सलीमभाई हसले. "तिन्ही घेऊन जा. हाताला बसेल तो ठेवा, बाकीचे आणून द्या. एवीतेवी धूळच खातायत."

घरी येऊन पाच बटणांचा माऊस लावला. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. आपला संदेश चंद्रावर पोहोचायला साधारण सव्वा सेकंद लागतो आणि तिथलं चित्र परत यायला तेवढाच वेळ. म्हणजे मी जे बघते ते आधीच होऊन गेलेलं असतं. बटण शोधत बसायला सवड नसते. उतारावर टिटवीला पहिलं वळण दिलं आणि ती वळायच्या ऐवजी आडवी घसरू लागली. मी घाबरून तिला थांबवलं. खड्डा हातभर अंतरावर होता.

"असं आधी कधी झालं नव्हतं," मी म्हटलं. "उतार तोच, गाडी तीच, मग घसरली कशी?"

"बटणं कमी पडत असतील," अबोली म्हणाली. "बारावाला लाव."

बारा बटणांचा लावला. अंगठ्याखाली छोट्या छोट्या बटणांच्या रांगाच रांगा! माझा अंगठा त्यात जत्रेत हरवलेल्या पोरासारखा फिरायला लागला. टिटवी एकदा मागे गेली, एकदा तिने दिवा लावला, एकदा उगीच फोटो काढला.

"तो आठवाला बघू का?" अबोलीने विचारलं.

मी तो उचलला. अनामिकेखाली (करंगळीशेजारच्या बोटाखाली) एक जास्तीचं बटण होतं. "छे! ते बोट मी कधी वापरतच नाही. हा माझा नव्हेच."

साडेतीन वाजले. मला काही सुचेना. सुचेनासं झालं की मी कणीक मळते. स्वयंपाकघरात जाऊन परातीत पीठ घेतलं. अबोली मागोमाग आली.

"आजी, पाणी किती घातलंस?"

"अंदाजाने."

"म्हणजे किती वाट्या?"

"ते मला काय माहीत? हाताला कळतं."

अबोली परातीतल्या माझ्या बोटांकडे बघत राहिली. मग एकदम ओरडली, "आजी! बटणंसुद्धा हातालाच कळत असतील! तोंडाला विचारून काय उपयोग?"

तिने कणकेचा मोठा गोळा घेतला, हाताच्या मुठीएवढा लांबट केला आणि तेल लावलेल्या ताटलीत ठेवला. "हा तुझा माऊस. बबन, मागच्या महिन्यात टिटवी चढली होती, ते चित्रण लाव. आणि आजीची बोटं नीट बघ. आजी, तू काही बोलायचं नाही. फक्त चालव."

"वेडी का गं तू? कणकेने गाडी चालवू?"

"चालव म्हणते ना!"

मी हात ठेवला. पडद्यावर तो ओळखीचा राखाडी उतार, ते दोन दगड, पहिलं वळण. सुरुवातीला मला हसू येत होतं. मग हाताखाली कणीक आहे हेच मी विसरले. थेट वर, घरट्याच्या दारापर्यंत गेले.

हात उचलला, तर कणकेत सहा खळगे! डावा, उजवा, मध्ये चाकाचा, अंगठ्याचे दोन. आणि सहावा, सगळ्यांत खोल, अनामिकेचा.

"हे मी नाही केलं," मी म्हटलं.

"आजी, आपण ते बोट एकोणीस वेळा दाबलं," बबन म्हणाला. "प्रत्येक वेळी वळणाच्या जरा आधी. आणि चित्रणात दर वेळी त्यानंतर टिटवीची मागची चाकं क्षणभर अडकलेली दिसतात."

आता कळलं! मागची चाकं अडकवली की गाडी घसरत नाही. पाच बटणांच्या माऊसला तेच बटण नव्हतं.

"पण आजीला हे माहीत कसं नव्हतं?" अबोलीने विचारलं. "तिला तर अनिता लोहारसुद्धा आठवते!"

"आठवणी एकाच प्रकारच्या नसतात," बबन म्हणाला. "अबोली, वेणी घालताना पहिला पेड कुठून कुठे नेतेस? हात न हलवता सांग."

"सोपंय. उजवा पेड... मधल्याच्या वरून... नाही, खालून..." तिची बोटं हवेत वेणी घालायला लागली.

"हात खाली!"

"मग नाही सांगता येत!"

"तीच क्रियास्मृती (करून करून बसलेली, शब्दांत न मावणारी आठवण). नावं, तारखा सांगता येतात. ती शब्दांची आठवण. सायकल, वेणी, कणीक यांची आठवण मेंदूचे दुसरे भाग सांभाळतात. डोक्याच्या मागे, मानेच्या वर असलेला अनुमस्तिष्क (लहान मेंदू) हा त्यांतला एक."

"म्हणजे हातात मेंदू नसतो?"

"नाही. हात फक्त त्याचं ऐकतो."

मला आठवलं. अकरा वर्षांपूर्वी मी शिकत होते, तेव्हा मोठ्याने म्हणायची, 'आधी अडकव, मग वळव.' शेकडो वळणं घेतली, तसे ते शब्द गळून पडले. काम तेवढं राहिलं.

बबनने आठ बटणांचा माऊस कणकेशेजारी धरला. सहाही खळगे जुळले. अनामिकेच्या बटणाला त्याने मागची चाकं अडकवायचं काम नेमून दिलं आणि उरलेली दोन बटणं बंद करून टाकली. पावणेपाच वाजले होते. उतार चाळीस मिनिटांचा.

"आजी, बोटांकडे बघू नकोस हं," अबोली कुजबुजली. "बघितलंस की गोंधळशील."

मी फक्त उताराकडे बघितलं. पहिलं वळण. टिटवी डुगडुगली, पण घसरली नाही. दुसरं. तिसरं. डावीकडून सावली काळ्या पाण्यासारखी वर येत होती. पाच वाजून सव्वीस मिनिटांनी टिटवीने घरट्यात पाऊल ठेवलं आणि दार बंद झालं. अबोलीने बबनला मिठी मारली. बबन म्हणाला, "माझ्या अंगाला कणीक लागली," तरी तो जागचा हलला नाही.

चौदा दिवसांनी चंद्रावर उजाडलं, तेव्हा खुर्चीत अबोली होती आणि मी शेजारी. "आधी अडकव, मग वळव," ती मोठमोठ्याने म्हणत होती आणि तरी चुकत होती. महिना गेला, चार महिने गेले. तिचा आवाज बारीक होत गेला, मग नुसते ओठ हलायचे.

परवा तिने एकटीने उतार चढवला, गप्पा मारत मारत. दार बंद झाल्यावर मी सहज विचारलं, "शेवटच्या वळणाला कुठलं बोट दाबलंस गं?"

तिने आपल्या हाताकडे बघितलं.

"माहीत नाही, आजी."

मी उठले आणि पोळ्यांना कणीक भिजवायला गेले. आता टिटवीची मला काळजी नव्हती.