आडवं, उभं आणि सोमवार

“वाक्य वाचूचा नाय गो... उसवूचा.”

मिहीरचं हे सांगणं आठवलं आणि गौरजाने पेन्सिल टेबलावर आपटली. हळूच, वाचनालयात होती ना ती, आणि वाचनालय सांभाळायचं काम तिचंच.

दोघांची ओळखच मुळी भांडणातून झालेली. वाचनालयात येणाऱ्या वर्तमानपत्राच्या शनिवारच्या अंकातलं गूढ शब्दकोडं कुणीतरी शाईने भरून टाकायचं. एकदा तिने तोंडवलीच्या या तरुण मास्तरला, मिहीरला, पेनासकट पकडलं. तो ओशाळला, आणि भरपाई म्हणून दर शनिवारी तिलाच कोडं शिकवायला बसू लागला.

‘पायरीवर लपलेला नवरा’, दोन अक्षरी. गौरजा आपली कुठल्या देवळाची पायरी, बिचारा लपला का, याच काळजीत! मिहीरने तोंडाला रुमाल लावला. ‘लपलेला’ म्हणजे आधीच्या शब्दातच शोधायचं, म्हणाला. पायरीवर... शेवटची दोन अक्षरं. वर.

“सरळ सांगूक काय जाता ह्या कोडेवाल्यांका?” ती वैतागली.

“सरळ सांगल्यानी तर तू माझ्या बाजूक बसतलंस कित्याक?”

तिने मान खाली घातली खरी... पण कानाच्या पाळ्या लाल झाल्याच. त्या दिवशी तिने देवाला स्मरून शब्द दिला – एक कोडं पुरतं एकटीने सोडवीन, आणि तोंडवलीला येऊन दाखवीन.

आणि मग तो या आठवड्यातला सोमवार. मिहीर कधी नव्हे तो सोमवारी आला. आई रविवारी वालावलला मुलगी बघायला जायचं म्हणते, त्याआधी तुझ्या घरी विचारू का, असं एका दमात बोलून गेला. गौरजाला सोमवारी सांजवात लागेपर्यंत मौन असतं. फुलवालीसुद्धा त्या दिवशी तिच्याशी खुणांनी बोलते. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं – दिवा लागू दे, मग सांगते. त्याने घड्याळ पाहिलं, तिला पाहिलं.

“समाजला माका,” म्हणाला, आणि गेला.

त्याला काय समजलं, ते वाचनालयात सोबत काम करणाऱ्या संचिताकडून कळलं; जाताना तो तिच्यापाशी बोलून गेला होता. वेळ निघून गेली, असं गौरजाने सुचवलं म्हणे! गौरजाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जगभरची वाक्यं उसवणाऱ्याला बाईमाणसाचं साधं मौन कळू नये? नसलेला अर्थ काढून बसला मेला... शिवी गेली म्हणून तिने लगेच मनात देवाचं नाव घेतलं.

आज सकाळी संचिता म्हणाली, फोन कर. गौरजाने मान हलवली. देवाला स्मरून दिलेला शब्द. आधी कोडं, मग तोंडवली, आणि उत्तर तिथेच, समोरासमोर.

“मगे बस उसवीत. थंय तेची आवस फाल्या वालावलाक पोचतली.”

आज शनिवार, उद्याच रविवार, आणि मिहीर काही फिरकला नव्हता. स्वतः विकत घेतलेल्या अंकात एकच जागा रिकामी होती. ‘रस उलटला, गळ्यात आला’, दोन अक्षरी. सकाळपासून तिच्या डोळ्यांपुढे कोकमाचे डाग पडलेली पोलकी नाचत होती. उसवायचं म्हणे! रस... उलटा...

सर. मोत्यांचा सर.

इतकं सोपं? तिला आधी राग आला, मग हसू. दोन अक्षरं तिने पेनाने लिहिली, मिहीरसारखी शाईने.

आज बोलायला कसलीच आडकाठी नव्हती. तिने संचिताकडे किल्ल्या दिल्या. अंकाची घडी पर्समध्ये ठेवली, सकाळचं देवाचं फूल केसात नीट खोचलं, आणि स्कूटर तोंडवलीच्या रस्त्याला लावली.