मेलेल्या मशीनमधल्या अक्षता

"निदान आठ एमबी मेमरी आणि डिस्कवर वीस एमबी रिकामी जागा!" नव्या प्रोग्रॅमच्या पाकिटावरचं वाचून मुक्तानं कपाळाला हात लावला. "आपल्या एक नंबरात मेमरी चारच आहे रे, आणि जागा तर नाहीच!"

१९९६चा मे महिना. मुक्ताच्या शिंदखेड्याच्या शाळेत दोनच कॉम्प्युटर होते. एक नंबरात व्हायरस शिरला होता आणि त्याला मारणारा प्रोग्रॅम त्या म्हाताऱ्याला झेपत नव्हता. दोन नंबर दसऱ्यापासून कोपऱ्यात कापड पांघरून बसला होता.

"दोन नंबरचं काढून एकला जोडू!" मुक्ताचा आतेभाऊ हिलाल म्हणाला. त्याच्या वडिलांचं रेडिओदुरुस्तीचं दुकान, त्यामुळे पेचकस कायम खिशात!

"पितांबरभाऊ, काढू का?" मुक्तानं क्लार्कना विचारलं.

त्यांनी पेपरातून डोकंही वर काढलं नाही. "हाई मशीन मरी गयं शे पोरी! तेमा काहीच नही. बठ्ठं काढी ल्या!"

झालं, सगळंच काढायची परवानगी मिळाली! मेमरीच्या पट्ट्या बसल्या, डिस्क जोडली. ती भरलेली निघाली. सगळं पुसू का, असं स्क्रीननं विचारलं. फायली उघडून बघायला वेळ कुणाला होता? मुक्तानं 'हो' दाबलं आणि त्यावर नवा प्रोग्रॅम भरला. व्हायरस साफ! दोघांनी टाळ्या पिटल्या.

"पण मेलेल्या मशीनची डिस्क चालली कशी?" हिलालनं डोकं खाजवलं. "मग मेलंय काय?"

त्यानं फ्लॉपीचा ड्राइव्ह उघडला. आतून लालभडक तांदूळ सांडले!

"दसऱ्याची पूजा!" मुक्ता ओरडली. "फ्लॉपीच्या फटीतच अक्षता वाहिल्या! म्हणून मशीन सुरूच होत नव्हतं!"

ब्रशनं साफ करून तो एक नंबराला दुसरा ड्राइव्ह म्हणून लावला. घरघर करत तो फ्लॉपी वाचू लागला! पूजा करणारे पितांबरभाऊ खाली मान घालून उभे राहिले. हेडमास्तर म्हणाले, "शाब्बास! आम्ही आठ महिने भंगार समजत होतो!" त्यांनी पेढे मागवले.

तेवढ्यात मराठीच्या लताबाई धावत आल्या. हातात कोरी फ्लॉपी.

"दोन नंबर दुरुस्त झाला म्हणे! दसऱ्यापासून विचारतेय गं. माझ्या आईला, भागाबाईला, शेजारी बसवून तिची जात्यावरची गाणी मी थेट त्यात टाईप केली होती. साठ होती. फ्लॉपीवर घ्यायची राहिली आणि संक्रांतीला आई गेली."

मुक्ताच्या हातातला पेढा तसाच राहिला. खोटं बोलता आलं असतं, पण तिच्यानं ते झालं नाही.

"बाई, मी पुसलं. सगळं. विचारलंच नाही कुणाला."

लताबाईंनी कोरी फ्लॉपी टेबलावर ठेवली. मग खुर्चीत बसल्या. "घे, आठवतंय तेवढं सांगते."

मुक्ता टाईप करू लागली. दोन ओळी झाल्या. तिसरी अर्ध्यावर थांबली.

"पुढचं?" मुक्तानं हळूच विचारलं.

"पुढचं आईलाच येत होतं," लताबाई म्हणाल्या.

हेडमास्तर अजून शाबासकी देत होते. मुक्ताला ती ऐकवत नव्हती.