मधलं कापा

जुलेखा दुकानाच्या दारातच थबकली. आत कुणी गोरा एकाच वेळी तीन आवाजांत बोलत होता... आणि दुकानात तर एका सावळ्या तरुणाशिवाय कुणीच नव्हतं!

“मशीन बिघडलंय वाटतं?”

“मशीन ठणठणीत आहे. कवीच असा आहे,” तो हसला. “अमेरिकन. स्वतःचाच आवाज कापतो, जोडतो. कुणी साहेब ही टेप विसरून गेला.”

“मग मध्येच गप्प का होतो?”

“तीच तर कविता.”

“असं? मग आमचे भाईजान मोठेच शायर!”

तो हमदुल्ला. दुबईच्या खाडीकाठी, कोकणात धाडायची बोलकी पत्रं टेपवर भरून द्यायचा. जुलेखाच्या दाभोळच्या अम्माला वाचता येत नव्हतं, म्हणून ती दर महिन्याला यायची. भाभी शेजारच्या दुकानात कापड बघत बसे, तोवर ही बोलायची. मग हमदुल्ला तिचं खोकणं, अडखळणं ब्लेडने कापून टेप सफाईने जोडायचा. त्याला वेळ लागे. वर्षभरात जुलेखा जरा जास्तच अडखळू लागली होती!

मग अम्माचा निरोप आला. खेडचं स्थळ आहे, होकार धाड.

जुलेखा माइकपुढे बसली. आता तरी बोला ना काहीतरी, ती मनात विनवत होती.

“अम्मा, तू ठरवशील ते...” तिने त्याच्याकडे पाहिलं. त्यानेही पाहिलं. टेप फिरत राहिली. “...मला कबूल आहे.”

“मधलं कापा,” ती घाईने उठली. डोळे भरून आले होते.

“इन्शाल्ला,” तो एवढंच म्हणाला.

पाच आठवडे ती तिकडे फिरकली नाही. बोटीचा भोंगा झाला की वाटायचं, अम्माचं उत्तर आलं. त्याचा राग यायचा, आणि रागापेक्षा त्याची आठवणच जास्त यायची. निदान एक शब्द बोलायचा होता त्याने!

अखेर उत्तराची टेप आली. भाभीबरोबर ती दुकानात गेली. हमदुल्लाने टेप लावली.

“जुले, तुझा होकार ऐकला. त्याआधी गप्प बसलीस, तेही ऐकलं. खेडला नकार कळवलाय. दर पत्रात ज्याचं नाव घेतेस, त्या हमदुल्लाला माइकपुढे बसव. मला त्याचा आवाज ऐकू दे.”

जुलेखा हमदुल्लाकडे वळली.

“कापलं नाहीत?”

“हात धजला नाही.”

तिने माइक त्याच्याकडे वळवला.

“अस्सलाम आलेकुम, अम्मा... मी... म्हणजे...” हमदुल्लाचे शब्दच संपले.

“बोला ना,” जुलेखा ओढणीआड हसली. “मी काही कापणार नाहीये.”