फुकटचा चढ

गाब्रोवोची माणसं किती चिक्कू असतात याचे किस्से सगळ्या बल्गेरियात सांगतात, आणि सगळ्यांत चवीने सांगतात ती गाब्रोवोचीच माणसं. पेंचो आजोबा त्यातले बिनीचे. शनिवारी सकाळी शिप्का गावाकडे निघालेल्या बसमध्ये त्यांनी नातीला, झोर्नित्साला, खिडकीची जागा दिली नाही. त्यांचं म्हणणं, तिकीट दोघांचं सारखं, पण बाहेरचं बघायला मिळतं एकालाच, तेव्हा ज्याचं वय जास्त त्याने आधी बघून घ्यावं. पुढच्या बाकावरची बाई खुदकन हसली. आजोबांना तेवढंच हवं होतं.

झोर्नित्सा मात्र घाईला आली होती. ती गाब्रोवोतच इंजिनियरिंगला होती आणि दोन उन्हाळे समुद्रकाठच्या हॉटेलात ताटं उचलून तिने गाडीसाठी पैसे जमवले होते. उद्या रविवार, घरच्यांनी दिलेल्या मुदतीचा शेवटचा दिवस. उद्यापर्यंत मनासारखी गाडी सापडली नाही, तर मामाची डिझेल गाडी तिच्या गळ्यात पडणार होती. ती लांबलचक, तपकिरी गाडी मामाने दर हिवाळ्यात आंबवलेल्या कोबीची पिंपं वाहायला वापरली होती, आणि तो वास आता सीटमध्ये पार मुरला होता. झोर्नित्साला हवी होती लहान, चपळ, वळणावर बाणासारखी सुटणारी गाडी. तशा चार-पाच पाहून झाल्या होत्या. एकीच्या दारावर तिचं लोहचुंबक चिकटलंच नाही, इतकी पुट्टी भरलेली. दुसरीच्या मीटरवरचे किलोमीटर मालकाने इतके कमी करून ठेवले होते, की गाडी कारखान्यातून उलटी चालत आली असावी, असं आजोबा म्हणाले.

शिप्का गावात त्सोनाबाईंच्या अंगणात, तुतीच्या झाडाखाली, ती उभी होती. लाल, जपानी, दोनच माणसांची, कापडी छत मागे दुमडलेलं. कळ दाबली की पुढचे दिवे झोपेतून उठल्यासारखे वर यायचे. झोर्नित्साचा जीव तिथेच जडला, पण चेहऱ्यावर तिने काही दिसू दिलं नाही. ती गाडीखाली आडवी झाली, पत्रा ठोकून पाहिला, चुंबक फिरवलं, तेल बोटांत चोळून पाहिलं. दाराखालच्या पत्र्याला थोडा गंज होता. बाकी गाडी ठणठणीत.

"एवढी चांगली आहे, तर विकता कशाला?" आजोबांनी विचारलं.

"आता कोणी चालवत नाही, दादा," त्सोनाबाई म्हणाल्या. "घाटात एक चक्कर मारून या. मग बोलू."

हा घाट म्हणजे आजोबांचं घरच. आख्खी नोकरी त्यांनी याच वळणांवर बस हाकली होती. झोर्नित्साने गाडी खिंडीपर्यंत चढवली. इंजिन गुरगुरत होतं, बीच नावाच्या झाडांचा ओला वास अंगावर येत होता आणि प्रत्येक वळणाला गाडी रस्त्याला चिकटून फिरत होती. तिला ओरडावंसं वाटलं, आणि ती ओरडलीही.

परतीचा उतार लागला तसा आजोबांनी हात लांबवून किल्ली फिरवली. इंजिन गप्प.

"अहो आजोबा! ब्रेक जड होतो अशाने!"

"पोरी, उतारावर पेट्रोल जाळायचं म्हणजे झोपलेल्या माणसाला जेवायला वाढायचं. ब्रेक जोरात दाब, पायाला व्यायाम होईल."

गाब्रोवोत सगळेच असं करतात. झोर्नित्साने मान हलवली आणि गाडी तशीच सोडली. वारा, पाखरं आणि टायरची बारीक सरसर, एवढंच ऐकू येत होतं. पुढे दगडी झऱ्यापाशी रस्ता थोडा वर जातो. तिथे इंजिन पुन्हा सुरू करावं लागणार, म्हणून तिने किल्लीला हात घातला. तेवढ्यात आजोबांनी गेन्चोचा किस्सा काढला.

"डॉक्टर गेन्चोला म्हणाला, मोकळी हवा घेत जा. गेन्चोने विचारलं, कशी देतात? डॉक्टर म्हणाला, फुकट आहे. तसा हा धावत घरी आला आणि सगळ्या खिडक्या लावून घेतल्या. बायको म्हणाली, अहो, हे काय? तर म्हणतो, आत आहे तेवढी कोंडून ठेव, उद्या पैसे लावले म्हणजे!"

आणि आजोबा हसले. त्यांचं हसणं आधी खोकल्यासारखं सुरू व्हायचं, मग खांदे गदगदायचे, आणि शेवटी केटली उकळावी तशी शिटी निघायची. त्या हसण्यावर तर सगळी गल्ली हसायची. झोर्नित्साही हसत सुटली. डोळे पुसून तिने समोर पाहिलं, तर झरा मागे पडला होता आणि गाडी चढावर चालली होती.

इंजिन बंद. गियर न्यूट्रलमध्ये. आणि गाडी चढत होती.

तिने गाडी थांबवली. डोळ्यांना चढ वाटतो आणि असतो उतार, असे रस्ते असतात, हे तिला ठाऊक होतं. ती खाली उतरली. झाडाखाली पडलेलं एक रानटी आलुबुखार उचलून तिने रस्त्यावर ठेवलं. ते घरंगळत झऱ्याकडे, मागे गेलं. दुसरं ठेवलं, तेही गेलं.

"चढच आहे," ती म्हणाली.

"मला विचारायचंस ना," आजोबा म्हणाले. "याच चढावर माझी बस हिवाळ्यात रडायची." त्यांचे डोळे लकाकत होते. "पोरी, ही गाडी चढाला पेट्रोल पीत नाही! गाब्रोवोच्या माणसासाठीच देवाने बनवलीय!"

त्यांनी पुन्हा करून पाहिलं. मग पुन्हा. झोर्नित्साने वारा बघितला, टायर बघितले, गाडीखाली वाकून बघितलं. काही सापडलं नाही. एवढंच तिच्या ध्यानात आलं, की दोघं गप्प झाली की गाडी मंदावते, आणि आजोबा हसले की हलकासा हिसका देऊन निघते. असलं काही कुठल्या प्रयोगशाळेत सांगायची सोय नव्हती. शिवाय तिला इतकी मजा येत होती, की सांगायचं कोणाला, हा प्रश्नच तिला पडला नाही. समोरून येणाऱ्या एका सायकलवाल्याने इंजिनाचा आवाज नसलेली ती लाल गाडी चढताना पाहिली आणि तो सायकलवरून उतरूनच उभा राहिला. आजोबांनी त्याला टोपी काढून दाखवली.

शेवटच्या खेपेला आजोबांचं हसणं शिटीपर्यंत पोचलं नाही. दमले असतील, असं झोर्नित्साला वाटलं.

अंगणात त्सोनाबाई उभ्याच होत्या. हातातला नॅपकिन पिळत त्या जवळ आल्या.

"दादा, खरं सांगा. गाडीने काही केलं का?"

"काही म्हणजे?"

"काहीही. नेहमीच्या गाड्या करत नाहीत असं. केलं असेल तर तुम्हाला एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला ही विकता येणार नाही."

आजोबांनी बुटाने झोर्नित्साचा पाय दाबला. तिला त्याचा अर्थ लगेच कळला. ही गाडी फुकट चढते हे बाईला कळलं, की ती दुप्पट सांगणार.

"छे हो, ताई," आजोबा तोंड वाकडं करून म्हणाले. "गाडीसारखी गाडी. उलट चढाला जरा धापाच टाकते. दाराखाली गंज आहे. काहीतरी कमी करा."

त्सोनाबाईंनी झोर्नित्साकडे पाहिलं. "बाळ, तू सांग."

झोर्नित्साला मामाच्या गाडीतला कोबीचा वास आठवला. मग तिने लाल पत्र्यावरून हात फिरवला.

"काही नाही, मावशी. नेहमीसारखीच आहे."

बाईंनी छातीवर क्रूसाची खूण केली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "मग सुटलं ते," त्या पुटपुटल्या, आणि कोणी घासाघीस करायच्या आधीच किंमत एवढी खाली आणली, की आजोबांना पुढे बोलायला जागाच उरली नाही. कागद झाले. रीतीप्रमाणे बाईंनी तांब्याची लहान कळशी आणून वाट सुखाची व्हावी म्हणून चाकांपुढे पाणी ओतलं.

"माझे यजमान फार हसरे होते हो," फाटक उघडताना त्या म्हणाल्या. "आधी."

गाडी वळली होती. नीट ऐकू आलं ते एवढंच.

फाटकाबाहेर पडताच आजोबांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. आता गाडी आपली, घाट आपला! झोर्नित्साच्या आनंदाला पारावार नव्हता. गाडी गावातून वर निघाली, चर्चचे सोनेरी घुमट खाली राहिले, मागे गुलाबांचं खोरं उघडत गेलं. आजोबा किस्से सांगत होते आणि ती पोट धरून हसत होती. एकेक वळण मागे टाकत गाडी झपाझप चढत होती, सकाळी इंजिनावर चढली होती त्याहून वेगाने.

अर्ध्या घाटानंतर आजोबा नुसतेच सांगत होते. हसत होती ती एकटी.

खिंडीत पोचल्यावर ते म्हणाले, "आता जरा गप्प बसू." उतार लागला आणि दोघं गाब्रोवोला आली.

आईने अंगणात टेबल मांडलं होतं. नवी गाडी राकियाने, म्हणजे फळांच्या दारूने, भिजवल्याशिवाय चालत नाही. शेजारी आले, मामाही आला. काकडी-टोमॅटोच्या सॅलडवर पांढरं चीज किसलं होतं आणि शेगडीवर मांस चरचरत होतं. सगळे गाडीत बसून बसून पाहत होते. मामाने दिवे वरखाली केले आणि बायका टाळ्या पिटत होत्या.

"पेंचो, गेन्चोचा किस्सा होऊ दे!" कोणीतरी ओरडलं.

आजोबांनी सांगितला. एकही शब्द इकडचा तिकडे नाही, नेहमीच्या जागी थांबून, नेहमीच्या जागी भुवई उडवून. अंगणात हशा उसळला. मामाने टेबलावर मूठ आपटली.

आजोबा एकेका चेहऱ्याकडे निरखून पाहू लागले.

"काय होतंय तुम्हाला?" त्यांनी काळजीने विचारलं. "कोणाला पाणी हवंय का?"

लोक गडबडा लोळायचेच बाकी राहिले. असा बेमालूम अभिनय पेंचोने आजवर केला नव्हता.

झोर्नित्साने काटा खाली ठेवला.

आजोबा तिच्या कानाशी वाकले. त्यांना खरंच विचारायचं होतं.

"पोरी, हे तोंडाने कसं करतात गं? दुपारी येत होतं मला."

तिने त्यांचा हात हातात घेतला. सोपं आहे, आजोबा, मी दाखवते, असं म्हणून तिने त्यांच्याकडे बघून तोंड उघडलं.

उघडलेलं तोंड तिने बराच वेळ तसंच ठेवलं; पुढे काय करायचं ते तिला आठवेना.

"बघा बघा," आई टाळी देत म्हणाली, "आता हिनेही आजोबांची नक्कल सुरू केली!"

आणि सगळे पुन्हा हसत सुटले.